हेड गॅस्केट बदलण्याआधी हेड मोजा

तुमची अडचण मला समजली ती अशी. गाडी जुनी आहे, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, खाली बिडाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग), वर ॲल्युमिनियमचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) आणि दोघांच्या मधे हेड गॅस्केट. एका लांब चढावर तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला आणि ‘आता थोडंच राहिलंय’ म्हणून तुम्ही गाडी तशीच पुढे दामटली. तेव्हापासून दर दोन-चार दिवसांनी कूलंट कमी होतं, पण गाडीखाली एक थेंब सापडत नाही. सकाळी चालू केली की पहिलं मिनिटभर एक सिलिंडर मिसिंग मारतो, म्हणजे त्यात नीट जळण होत नाही, मग सगळं सुरळीत. मेकॅनिकने हेड गॅस्केट उडालंय असं सांगितलं. तुम्ही नवं गॅस्केट आणून ठेवलंय, शनिवार-रविवारी घरीच काम उरकायचा बेत आहे, आणि विचारताय दोनच गोष्टी: हेडचे जुने बोल्ट परत लावले तर चालतील का, आणि गॅस्केटला सिलंट लावायचा का?

दोन्हींची उत्तरं खाली आहेत. पण तुम्ही न विचारलेले दोन प्रश्न जास्त महत्त्वाचे वाटतात: गाडी मुळात तापली का, आणि त्या तापण्यात हेड वाकलं का? माझ्याकडे जी इंजिनं दुसऱ्यांदा गॅस्केट उडालं म्हणून येतात, त्यातल्या बहुतेकांत पहिल्या वेळी गॅस्केट बसवलेलं असतं अगदी नीट. हेड मात्र मोजलेलं नसतं, किंवा रेडिएटर आधीसारखाच अर्धा बंद असतो. मग नवं गॅस्केट तरी काय करणार?

हे गॅस्केट कशाला तोंड देतं ते एकदा लक्षात घ्या. एका पातळ थराने तीन कामं करायची असतात: सिलिंडरमधला स्फोटाचा दाब अडवायचा, कूलंटचे मार्ग वेगळे ठेवायचे आणि ऑइलचे मार्ग वेगळे ठेवायचे. इंजिनवर पूर्ण भार असताना सिलिंडरमधला दाब ५० बारच्या वर जातो. त्यात वरचा आणि खालचा धातू वेगवेगळा. ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. ४०० मिलिमीटर लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं तर ते जवळजवळ पाऊण मिलिमीटर वाढू पाहतं आणि त्याखालचा ब्लॉक त्याच्या निम्मंच वाढतो. म्हणजे प्रत्येक वेळी इंजिन गरम-थंड होताना हेड गॅस्केटवर किंचित सरकत असतं. चांगलं गॅस्केट हे वर्षानुवर्षं सोसतं. पण काटा लाल पट्टीत गेला की हिशेब बदलतो. हेडला फुगायचंय आणि बोल्टांनी ते जखडून धरलंय. जागा मिळत नाही म्हणून धातू आतल्या आत दबतो, आणि थंड झाल्यावर मूळ आकारात परत येत नाही. हेड वाकलं म्हणतात ते असं. बहुतेक वेळा मधोमध उचललेलं सापडतं.

आता निदान. तुमच्या मेकॅनिकचं बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. रात्री इंजिन थंड होताना सिस्टिममध्ये उरलेल्या दाबाने थोडं कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतं आणि सकाळी तो सिलिंडर ओला असतो, ही खूण मला ओळखीची आहे. तरीही इंजिन खोलण्याआधी एक दिवस तपासणीला द्या. कूलंट न सांडता गायब होण्याच्या आणखी वाटा आहेत. हीटरचा आतला रेडिएटर गळत असेल तर पाणी पायाखालच्या गालिच्यात मुरतं. वॉटर पंपाचं सील गेलं असेल तर थेंब गरम ब्लॉकवर पडून वाळतात आणि मागे फक्त पांढरट ओघळ उरतो. रेडिएटरचं झाकण दाब धरत नसेल तर ओव्हरफ्लो वाटे वाफ निघून जाते.

सर्वांत सोपी परीक्षा दाबाची. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या तोंडावर हातपंप लावायचा, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी चारही प्लग काढा आणि इंजिन फिरवा. एखाद्या भोकातून फवारा उडाला की शंका संपली. तेव्हा तोंड भोकासमोर नेऊ नका, कूलंट डोळ्यात जातं. प्लगकडेही बघा: तीन तपकिरी आणि एक धुतल्यासारखा पांढराशुभ्र असेल तर तोच गुन्हेगार सिलिंडर. दुसरी परीक्षा निळ्या द्रवाची. रेडिएटरमधली पातळी थोडी खाली आणून, इंजिन चालू ठेवून, तोंडावरची हवा निळा द्रव भरलेल्या नळीतून ओढायची. जळालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड आत येत असेल तर निळा द्रव पिवळा पडतो. तिसरी, कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मधल्या अरुंद पट्टीत फुटलंय. एकच कमी असेल तर त्याचा पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून हवा सोडा आणि ऐका. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा, सायलेन्सरमधून फुस्कारा आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा.

ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर फेस दिसला की लोक घाबरतात, पण फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो साध्या दमटपणानेही जमतो. डिपस्टिकवरचं ऑइल राखाडी आणि घट्ट झालं असेल तर मात्र गाडी चालू करू नका, कारण कूलंट मिसळलेलं ऑइल बेअरिंगं फार लवकर खातं. सिलिंडरमध्ये कूलंट साचलं असताना स्टार्टर मारणं त्याहून वाईट. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग गॅस्केटचं काम पूर्ण इंजिनाचं होऊन बसतं. रोज चालवताय असं तुम्ही लिहिलंय. ते आजच थांबवा.

बाटलीतलं ‘गॅस्केट दुरुस्त करणारं’ रसायन टाकू का, असं कुणीतरी तुम्हाला सुचवेलच. त्यातलं बरंचसं सोडियम सिलिकेट असतं, म्हणजे जलकाच. गरम फटीत ते काचेसारखं घट्ट होतं. भंगारात जायच्या गाडीला महिनाभर चालवायचं असेल तर ठीक. जी गाडी ठेवायची आहे तिच्यात मी कधीच टाकत नाही, कारण ते फट आणि हीटरच्या बारीक नळ्या यांत फरक करत नाही.

घरी करावं की नाही, हे तीन गोष्टींवर ठरतं. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ब्लॉकमध्ये आहे की हेडवर, टायमिंग (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ) बेल्टवर चालतं की चेनवर, आणि इंजिनाभोवती हात घालायला जागा किती. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि जागा मोकळी असेल तर काळजीपूर्वक काम करणारा नवखा माणूसही हे करू शकतो. हेडवर दोन कॅमशाफ्ट आणि पुढे चेन असेल तर सोबत कुणीतरी अनुभवी असू द्या. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना), तुमच्याच इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल, चांगली स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं), एवढं नसेल तर सुरुवातच करू नका. आणि शनिवार-रविवारचा बेत सोडा. हेड मशीन शॉपला द्यावंच लागणार, म्हणून उतरवणं एका सुट्टीत आणि बसवणं पुढच्या सुट्टीत असा हिशेब धरा. घाई असली की माणूस मोजणं टाळतो. मीही टाळलंय, त्याची गोष्ट पुढे आहे.

उतरवण्याबद्दल फार लिहीत नाही, मॅन्युअलमध्ये क्रम असतोच. जे तिथे ठळक लिहिलेलं नसतं तेवढं सांगतो. इंजिन हाताला थंड लागलं पाहिजे, कोमट नव्हे. गरम हेडचे बोल्ट सोडले तर सरळ हेडही वाकू शकतं. रेडिएटरचं झाकणही थंड असतानाच उघडा. ०.९ बारच्या झाकणाखाली पाणी ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही, झाकण काढताच मात्र एकदम वाफ होऊन अंगावर येतं. काढलेलं कूलंट झाकणबंद डब्यात ठेवा. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, मुलं आणि जनावरं ते पितात. बॅटरीची वायर काढा, इंधनाचा दाब सोडा. एक नंबरचा पिस्टन वरच्या टोकाला आणून टायमिंगच्या खुणांचे फोटो घ्या, शिवाय रंगाने स्वतःच्या खुणा करा. मॅनिफोल्डच्या (हवा आणि धूर नेणाऱ्या, हेडला जोडलेल्या नळ्यांच्या) गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारा. एक तुटलेला स्टड अख्खी दुपार खातो. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर त्या भागाचं चित्र काढून बोल्ट त्या-त्या जागी टोचून ठेवायची सवय मला पहिल्या वर्षी लागली ती अजून आहे.

हेडचे बोल्ट सोडायचे ते बाहेरून आत, आवळण्याच्या क्रमाच्या बरोबर उलटे, आणि प्रत्येकी थोडे थोडे. बोल्ट निघाले तरी हेड उठत नाही, तेव्हा स्क्रू ड्रायव्हर फटीत घालण्याचा मोह होतो. घालू नका. ॲल्युमिनियमवर उठलेला एक ओरखडा गळतीची नवी वाट होतो. मॅनिफोल्डच्या बाजूने लाकडी दांडा लावून हेड हलवत राहा, सुटतं. ब्लॉकमध्ये ओल्या लायनर असतील, म्हणजे सिलिंडरच्या सुट्या नळ्या असून कूलंट थेट त्यांना लागत असेल, तर हेड निघाल्यावर क्रँक फिरवू नका. लायनर जागेवरून उठतात आणि तळाची सील जाते. आधी त्यांना पट्ट्या लावून दाबून ठेवा. उतरलेलं हेड बाकावर पालथं ठेवू नका. कॅमशाफ्ट हेडवर असेल तर काही व्हॉल्व्ह उघडे राहून खाली डोकावतात आणि हेडच्या वजनाने वाकतात. दोन लाकडी ठोकळ्यांवर टेकवा.

आता माझ्या आवडीचा भाग. जुनं गॅस्केट फेकू नका, ब्लॉकवर जसं बसलं होतं तसं टेबलावर ठेवा, उजेडात बघा आणि फोटो काढून ठेवा. सिलिंडरभोवतीच्या धातूच्या कडीवर काजळीची रेघ कुठे बाहेर गेलीय? ती पाण्याच्या भोकाकडे गेली असेल तर बुडबुड्यांचं आणि सकाळच्या मिसिंगचं उत्तर मिळालं. रेघ दोन सिलिंडरांच्या मधे असेल तर तिथे हेड उचललं गेलंय का ते तपासायचं. कडीच चिरडून फाटली असेल तर ठिणगी फार आधी पडत होती का, इंजिन नॉक करत होतं का (पेट्रोल अवेळी पेटून टकटक आवाज), हे बघावं लागेल. आणि गॅस्केट पाण्याच्या भोकांभोवती कुजून लगदा झालं असेल तर बरीच वर्षं नुसतं पाणी किंवा जुनं कूलंट वापरलं गेलंय. त्या गाडीच्या रेडिएटरच्या आत काय असेल ते न बघताच सांगता येतं. एका गाडीत मला कुठेच रेघ सापडली नाही, गॅस्केट जवळजवळ नव्यासारखं होतं. हेड दाबाखाली तपासलं तेव्हा दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मधे केसाएवढा तडा निघाला. मालकाने त्याआधी दोनदा गॅस्केट बदलून घेतलं होतं.

म्हणून हेड मशीन शॉपला दिलं की आधी दाबाची चाचणी करायला सांगा, फेसिंग, म्हणजे खालचा चेहरा यंत्रावर छिलून सपाट करणं, नंतर. तडा गेलेल्या हेडचं फेसिंग करून काय उपयोग?

मोजायचं कसं, तर पृष्ठभाग पूर्ण साफ करून स्ट्रेट एज सहा ठिकाणी ठेवायची: दोन्ही लांब कडांवर, दोन्ही टोकांना आडवी, आणि दोन कर्णांवर. दर वेळी खालून फिलर गेजचं सर्वांत पातळ पान सरकवून बघायचं. चार सिलिंडरच्या हेडला बऱ्याच मॅन्युअलमध्ये ०.०५ मिलिमीटरची मर्यादा असते, काहींमध्ये ०.१० असते. तुमच्या इंजिनाची जी असेल ती पाळा. नेहमीची लोखंडी पट्टी यासाठी चालत नाही, ती स्वतःच सरळ नसते. ब्लॉकही असाच मोजा. तो क्वचित वाकतो, पण बोल्टच्या भोकांभोवतीचा धातू आट्यांबरोबर वर ओढला जाऊन तिथे बारीक उंचवटे तयार होतात आणि हेड त्यांच्यावर टेकून राहतं.

हेड मर्यादेबाहेर निघालं तर फेसिंग, हे सगळ्यांना माहीत असतं. कॅमशाफ्ट हेडवर असेल तेव्हाची अडचण फार जणांना माहीत नसते. हेड वाकतं तेव्हा फक्त खालचा चेहरा वाकत नाही, अख्खं हेड वाकतं. कॅमशाफ्ट ज्या बेअरिंगांत फिरतो ती रांगही वाकते. तुम्ही खालून छिलून चेहरा सपाट केलात तरी वरची रांग धनुष्यासारखीच राहते. मग कॅमशाफ्ट घट्ट फिरतो, बेअरिंग खातो, एखाद वेळी तुटतो. तपासणी सोपी आहे: रॉकर किंवा टॅपेट (कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्या मधले भाग) काढून नुसता कॅमशाफ्ट बेअरिंगच्या टोप्या आवळून बसवा आणि हाताने फिरवा. अडखळला तर हेड आधी भट्टीत जाड पाटावर बांधून, हळूहळू तापवून सरळ करावं लागेल आणि मग फेसिंग. हे करणारे लोक कमी असतात. तसा माणूस मिळत नसेल तर दुसरं हेड शोधणं शहाणपणाचं.

माझी चूक इथलीच. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी प्रवासाला निघायचं होतं. हेड डोळ्यांना सपाट दिसत होतं, मी स्ट्रेट एज न लावताच नवं गॅस्केट बसवून दिलं. तिसऱ्या आठवड्यात गाडी परत आली. ते दुसरं काम मी माझ्या खिशातून केलं, आणि तेव्हा मोजल्यावर हेड मधोमध ०.१८ मिलिमीटर वाकलेलं निघालं.

फेसिंगलाही हद्द असते. हेडची किमान उंची मॅन्युअलमध्ये दिलेली असते. जास्त छिललं तर कॉम्प्रेशन वाढतं, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, आणि वरच्या कॅमशाफ्टचं टायमिंग किंचित मागे पडतं. हेड आधी कितीदा छिललंय ते माहीत नसतं, म्हणून उंची मोजूनच द्या. काही इंजिनांना अशा वेळी जाड गॅस्केट मिळतं. डिझेल इंजिनात तर पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून, गॅस्केटवरच्या खाचा किंवा भोकं मोजून योग्य जाडीचं गॅस्केट निवडावं लागतं. तुमचं पेट्रोल आहे, सुटलात. तुम्ही आणलेलं गॅस्केट स्टीलच्या अनेक पापुद्र्यांचं असेल तर मशीन शॉपला तसं सांगा. त्याला जुन्या फायबरच्या गॅस्केटपेक्षा बराच गुळगुळीत चेहरा लागतो. आणखी एक चाचणी करता आली तर करा, ती म्हणजे धातूच्या कठीणपणाची. खूप तापलेलं ॲल्युमिनियम मऊ पडतं, मग बोल्टच्या वॉशरखाली ते दबत राहतं आणि आवळलेला ताण महिन्याभरात ढिला होतो.

साफसफाई करताना ग्राइंडरला लावायची खरखरीत फायबरची चकती वापरू नका. काम झटकन होतं हे खरं. पण तिच्यातून सुटणारी पूड ॲल्युमिनियम ऑक्साइडची असते, तीच सॅण्डपेपरवर असते. ती ऑइलच्या मार्गात गेली की नव्या ऑइलबरोबर फिरत बेअरिंगं घासून टाकते. शिवाय चकतीने चेहऱ्यावर न दिसणारे खड्डे पडतात. प्लास्टिकचा किंवा लाकडी खरवडा, गॅस्केट सोडवणारा फवारा आणि भरपूर वेळ, एवढंच वापरतो मी. बिडाच्या ब्लॉकवर हलक्या हाताने पातं चालतं. इंजिन बरंच जुनं असेल तर मूळ गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते कोरडं खरवडायचं नाही, ओलं ठेवून काढायचं. सिलिंडर आणि ऑइलची भोकं चिंध्यांनी बंद करा, आणि किती चिंध्या घातल्या ते मोजून ठेवा.

आता तुमचा पहिला प्रश्न, बोल्ट. मॅन्युअलमध्ये शेवटचा टप्पा अंशांत दिला असेल, उदाहरणार्थ आधी ३० न्यूटन-मीटर, मग ९० अंश, मग पुन्हा ९० अंश (हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या इंजिनाचे नव्हेत), तर ते बोल्ट बहुधा एकदा ताणण्यासाठीच बनवलेले असतात. आवळताना ते स्प्रिंगसारखे मूळ लांबीला परत येण्याच्या हद्दीपलीकडे खेचले जातात आणि कायमचे थोडे लांब होतात. दुसऱ्यांदा आवळले तर ताण कमी मिळतो किंवा बोल्ट हातातच तुटतो. काही मॅन्युअलमध्ये लांबी मोजून पुन्हा वापरायची परवानगी असते, तिथे मोजा. स्पष्ट परवानगी नसेल तर नवे घ्या. जुन्या पद्धतीचे, फक्त टॉर्कवर आवळायचे जाड बोल्ट असतील, आटे चांगले असतील आणि मधे कुठे बारीक कंबर पडलेली नसेल, तर परत चालतात.

नवे असोत की जुने, आटे साफ हवेत. कारण सांगतो. रेंचवर तुम्ही जो जोर लावता त्यातला साधारण ९० टक्के घर्षणात जातो, निम्मा बोल्टच्या डोक्याखाली आणि बाकीचा आट्यांत. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम १० टक्के. आट्यांत गंज असेल तर घर्षण वाढतं, रेंच वेळेवर कटकन वाजतो, आणि हेडवर दाब मात्र हवा त्यापेक्षा किती तरी कमी बसलेला असतो. म्हणून मॅन्युअलने मनाई केली नसेल तर आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचा पातळ हात द्या. ब्लॉकमधल्या आट्यांतून टॅप फिरवायचा तर आटे साफ करणारा, नवे कापणारा नव्हे. कापणारा धातू काढतो. भोकांच्या तळाशी ऑइल किंवा कूलंट राहिलं असेल तर ते हवेने उडवून कोरडं करा. बंद भोकात द्रव असताना बोल्ट आवळला तर त्याला जायला जागा नसते आणि ब्लॉक फुटतो. अतिशयोक्ती नाही, फुटलेला ब्लॉक मी पाहिलाय. एखादं भोक पाण्याच्या जागेत उघडत असेल तर तेवढ्याच बोल्टच्या आट्यांना सीलर लागतो.

दुसरा प्रश्न, सिलंट. गॅस्केट बनवणाऱ्याने लिहिलं नसेल तर नाही. आजच्या बहुतेक गॅस्केटवर आवश्यक तो लेप आधीच असतो आणि ती कोरडी, साफ चेहऱ्यांमध्ये बसवायची असतात. सिलिकॉनचा जास्तीचा थर बाहेर दाबला जाऊन तुटतो आणि पाण्याच्या बारीक वाटा बुजवतो. जिथे टायमिंगचं कव्हर आणि ब्लॉक यांचा सांधा हेडखाली येतो, तिथे मॅन्युअल एक थेंब टाकायला सांगतं. तेवढाच.

गॅस्केट ठेवताना ‘टॉप’ किंवा ‘फ्रंट’ची खूण बघा. खूण नसेल तर ऑइलच्या भोकाशी जुळवा, उलटं बसलं तर हेडला ऑइलच पोचणार नाही. आणि गॅस्केटची काही भोकं ब्लॉकच्या भोकांपेक्षा लहान दिसतील, किंवा काही ठिकाणी भोकच नसेल. ती चूक नाही. कूलंट आधी मागच्या सिलिंडरपर्यंत जावं म्हणून वाट मुद्दाम अरुंद केलेली असते. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका पोराने मदत म्हणून ती भोकं ड्रिलने मोठी केली होती, मोठ्या अभिमानाने दाखवली. नवं गॅस्केट मागवावं लागलं.

आवळण्याचा क्रम मधून बाहेर, गोलगोल. प्रत्येक टप्पा सगळ्या बोल्टांवर पूर्ण करून मगच पुढचा. रेंच झटक्याने नाही, एकाच सरळ ओढीत फिरवा. अंशांच्या टप्प्याला बोल्टच्या डोक्यावर रंगाची रेघ मारली की कुठला राहिला ते लगेच दिसतं. इंजिन थोडं चालवून हेड पुन्हा आवळायचं का, याचं उत्तर गॅस्केटवर आहे: जुन्या फायबरच्या गॅस्केटला काही इंजिनांत लागतं, अंशांवर आवळलेल्या बोल्टांना पुन्हा हात लावायचा नसतो. नंतर टायमिंग लावून, प्लग काढलेले असतानाच क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतोय. बेल्ट असेल तर याच वेळी नवा टाका.

आता गाडी तापली का, त्याकडे. हेड मशीन शॉपमध्ये असेल त्या दिवसांत हे बघून होतं. थर्मोस्टॅट भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरबरोबर गरम करा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास, ८२ असेल तर ८२ अंशांच्या जवळपास, तो उघडायला लागला पाहिजे. मी तर बदलूनच टाकतो. वॉटर पंपाची पाती गंजून बारीक झालीत का ते बघा, दांडा हलवून खेळ आहे का ते बघा. रेडिएटर काढून उलट बाजूने पाणी सोडा. चढावरच तापली होती असं तुम्ही म्हणता, सपाटीवर काटा ठीक असायचा, म्हणजे माझा पहिला संशय रेडिएटरवर. अर्ध्या नळ्या बंद असल्या तरी कमी भाराला तो पुरतो, चढावर पुरत नाही. पंखा किती अंशांना लागतो तेही तपासा, आणि झाकण नवं घ्या.

भरताना दर्जेदार कूलंट, पाणी मिसळायचंच असेल तर क्षार काढलेलं. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा, गाडीचं नाक थोडं वर असेल तर बरं. आत अडकलेल्या हवेच्या फुग्यामुळे नवं काम पहिल्याच दिवशी तापलेलं मी पाहिलंय. ऑइल आणि फिल्टर बदला, आणि जुन्या ऑइलमध्ये कूलंट मिसळलेलं होतं असं दिसलं तर ३००-५०० किलोमीटरवर पुन्हा एकदा बदला, कारण कोपऱ्यांत राहिलेलं ग्लायकॉल पहिल्या बदलात निघत नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर येईल आणि तुमच्या पोटात गोळा येईल. सायलेन्सरमध्ये आधीचं कूलंट साचलेलं असतं, ते जळायला अर्धा तासही लागतो. काटा जागेवर असेल, वरचा पाइप चालू केल्याकेल्या दगडासारखा कडक होत नसेल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे सतत येत नसतील तर धूर आपोआप थांबेल. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना पातळी बघा. थोडी उतरलेली असेल, उरलेली हवा निघाल्यामुळे. भरा. चौथ्या-पाचव्या सकाळीही उतरत असेल तर गाडी चालवू नका, आणि उतरवताना काढलेले जुन्या गॅस्केटचे फोटो मला दाखवा, हेडची मोजलेली सहाच्या सहा मापंही सोबत लिहा.